आडवी मान, उभी मान

मान कशी हलवायची हे शिकवावं लागतं, असं मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. हो म्हणायचं असेल तर मान डावी-उजवीकडे हलवायची आणि नाही म्हणायचं असेल तर हनुवटी वर उडवून खाली आणायची, हे आमच्याकडचं तान्हं मूलसुद्धा दूध पिता पिता शिकतं. बाकीचं जग हे बरोबर उलटं करतं, असं मी ऐकून होतो. पण बाकीचं जग आमच्या सुखा रेका गावात फारसं येत नाही, आणि आलंच तर राकिया दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर त्याची मान कुठल्या दिशेला हलते याकडे कोणी बघत नाही.

सुरुवात बॉयलरपासून झाली. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी शाळेच्या तळघरातला बॉयलर फुटला. फुटला म्हणजे स्फोट वगैरे नाही. त्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि पायाशी पाणी केलं. मुख्याध्यापिका स्नेझाना बाईंनी पालिकेला पत्र लिहिलं. पालिकेने कळवलं की बॉयलर हे शालेय साहित्य असल्यामुळे तो जिल्हा शिक्षण कार्यालयाकडे येतो. जिल्हा कार्यालयाने कळवलं की बॉयलर भिंतीला जोडलेला आहे, भिंत इमारतीची आहे आणि इमारत पालिकेची आहे. बॉयलर भिंतीला नेमका किती जोडलेला आहे हे तपासायला समिती नेमली गेली, आणि समिती येईपर्यंत मुलांनी घरी बसून 'इलेक्ट्रॉनिक वातावरणात' शिकावं असा हुकूम निघाला. शाळेतल्या वातावरणाचं तापमान त्या दिवशी चार अंश होतं, त्यामुळे दुसरं कुठलंही वातावरण आम्हाला चालण्यासारखं होतं.

माझ्याकडे सातवीचं गणित. वर्गात अकरा मुलं. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. जूनमध्ये देशभर एकच परीक्षा होते आणि तिच्या गुणांवर पुढची शाळा मिळते. दहा मुलांचं पुढचं ठरलेलं होतं. शेजारच्या गावी ट्रॅक्टर-दुरुस्तीची शाळा आहे, तिथे जो येईल त्याला घेतात. प्रश्न अकराव्या मुलीचा होता. तिचं नाव रालित्सा.

रालित्सा स्पेनमध्ये वाढलेली. तिची आई तिथे संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कारखान्यात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मुलीला इकडे आजीकडे, म्हणजे स्ताना आजींकडे पाठवलं. ज्या गावातून धडधाकट माणूस मिळेल त्या बसने निघून जातो, ते गाव या मुलीला का आवडलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आवडलं. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी गणिताच्या हायस्कुलात जायचं होतं, कारण तिथे वसतिगृह आहे आणि दर शुक्रवारी दुपारच्या बसने आजीकडे येता येतं. आईने फोनवर स्पष्ट सांगून टाकलं होतं, की हायस्कूल मिळालं तर राहा आजीपाशी, नाही मिळालं तर जुलैत परत ये, पोरीने ट्रॅक्टरखाली झोपलेलं मला चालायचं नाही. एकदा बेकरीच्या रांगेत स्ताना आजींनी मला विचारलं, "मास्तर, पोरगी गेली तर मी चूल कोणासाठी पेटवू?" मी म्हणालो, "ती कुठे जात नाही. गणित माझ्यावर सोडा." फार सहज बोलून गेलो मी ते वाक्य.

तर इलेक्ट्रॉनिक वातावरण. जिल्हा कार्यालयाने मुलांना एकेक टॅबलेट दिला आणि आम्हाला एक परदेशी बनावटीचा संगणकी कार्यक्रम दिला. त्याचं नाव 'सोवा', म्हणजे घुबड. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोंडस घुबड बसलेलं असायचं. दर दहा मिनिटांनी ते डोळे उघडायचं आणि मुलांना विचारायचं, 'समजलं का? मान हलवून सांगा.' मग ते प्रत्येक मुलाची मान कॅमेऱ्यातून न्याहाळायचं. ज्याला समजलं त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, ज्याला नाही त्याच्यापुढे लाल. हे ठिपके फक्त मास्तरांना दिसायचे. शेवटी सगळ्यांची बेरीज होऊन 'समज-निर्देशांक' निघायचा, आणि तो मात्र गावभर दिसायचा, कारण तो पालकांच्या फोनवर जायचा. घुबड घरात घ्यायचं हेच आमच्या बायकोला, नेवेनाला, पटलेलं नव्हतं. घुबड ओरडलं की त्या घरातून माणूस जातो, असं तिची आई सांगायची. मी तिला सांगितलं की हे घुबड ओरडत नाही, नुसतं मोजतं. ती म्हणाली, "ते तर आणखी वाईट."

घरात नेट येईना. आमचे शेजारी त्सेको, रेल्वेत सिग्नल पाडून निवृत्त झालेले, जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला सिग्नलसारखीच कळते अशी त्यांची समजूत. ते माझा टॅबलेट हातात धरून आमच्या अंगणात दीड तास फिरले आणि अखेर त्यांनी जाहीर केलं की परसातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात, कोबीच्या पिंपाशेजारी, उत्तम सिग्नल आहे. त्यामुळे सबंध हिवाळा मी ओव्हरकोट घालून, पाठीमागे ढोबळ्या मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्या आणि बाजूला आंबत घातलेल्या कोबीचं पिंप, अशा थाटात बीजगणित शिकवलं. पहिल्याच दिवशी तीन आयांचे फोन आले. गणिताबद्दल नव्हे, नेवेनाच्या बरण्या एकोणतीसच कशा, याबद्दल. दुसऱ्या दिवशी नेवेनाने मागच्या फळीवर आणखी चौदा बरण्या आणून मांडल्या, त्यातल्या सहा रिकाम्या होत्या. शिवाय कोबीला दर चार दिवसांनी खालच्या तोटीतून पाणी काढून वरून घालावं लागतं. त्याला गणिताच्या तासाचं वेळापत्रक माहीत नसतं. त्यामुळे मी धन-ऋण समजावून सांगत असताना माझ्या मागून बादली घेतलेली नेवेना वाकून वाकून जात असे.

आवाजाची वेगळीच तऱ्हा. अकरा घरांतले माइक एकदम उघडले की कोंबड्या, टीव्ही, आज्या आणि एक करवत असं सगळं वर्गात यायचं आणि मग नेट बसकण मारायचं. तेव्हा घुबडाच्या नियमाप्रमाणे बोलणार फक्त मी, मुलांची तोंडं बंद. हवं तर त्यांनी लिहून विचारावं, ते सगळ्यांना दिसेल. नाहीतर मान होतीच.

पहिल्या आठवड्याचा निर्देशांक आला: नऊ टक्के.

आमच्याकडे सहा म्हणजे अव्वल आणि दोन म्हणजे नापास. बेकरीतली बाई पाव बांधता बांधता म्हणाली, "मास्तर, तुम्हाला घुबडाने दोन दिला म्हणे." रांगेतली सगळी माणसं पावाकडे बघायला लागली. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. माझ्या हाताखालून एक पूल बांधणारा गेला आहे, दोन हिशेबतपासनीस गेले आहेत, आणि जे ठार नापास झाले त्यांनीसुद्धा कधी मास्तरांचं समजत नाही असं म्हटलेलं नाही. ते म्हणायचे, गणित समजत नाही. हा फरक मी बेकरीत समजावून सांगायला लागलो, तेव्हा रांग एकाएकी लहान झाली.

कारण काय ते तुम्हाला केव्हाच कळलं असेल, मला चार दिवस लागले. अकरातली दहा मुलं हो म्हणून मान आडवी हलवत होती आणि परदेशी घुबड त्याला नाही समजत होतं. जी नऊ टक्के समज उरली होती ती एकट्या रालित्साची. तिची मान अजून स्पॅनिश होती. हो म्हणताना वर-खाली, नाही म्हणताना आडवी. वर्गात आम्हाला याचा कधी त्रास झाला नव्हता. ती पहिल्या बाकावर बसायची, काही समजलं नाही की तिचं नाक आक्रसायचं, आणि मी मानेच्या भानगडीत न पडता नाकाकडे बघून शिकवायचो. पडद्यावर ती काडेपेटीएवढी दिसायची. काडेपेटीत नाक कुठून दिसणार?

त्सेको म्हणाले, सोपं आहे, मास्तर, पोरांना परदेशी मान शिकवा. रेल्वेत लाल म्हणजे थांब हे बैलालासुद्धा शिकवता येतं. मला ते पटलं, हा माझा पहिला मूर्खपणा. पुढचा आठवडाभर मी गणिताआधी पाच मिनिटं मानेची कवायत घेतली. "रालित्साकडे बघा," मी सांगायचो. "समजलं तर तिच्यासारखी वर-खाली. नाही समजलं तर तिच्यासारखी आडवी. रालित्सा, दाखव." ती हसत हसत दाखवायची. इतके दिवस याच मानेमुळे पोरं तिला चिडवत आली होती, आणि आता तीच मान वर्गाला कित्ता म्हणून दिली गेली होती. ती त्या आठवड्यात ताठ बसायची, हे काडेपेटीतसुद्धा कळत होतं.

घरोघर मात्र हाहाकार उडाला. घेवड्याचं सूप वाढू का, असं विचारल्यावर पोरं वर-खाली मान हलवून उपाशी राहिली. मला स्वतःला नेवेनाने चीज भरलेल्या बानित्साचा आणखी एक तुकडा हवा का असं विचारलं, मी सवयीने मान वर-खाली केली आणि ती ताटली उचलून घेऊन गेली. सरावासाठी त्सेकोही तशीच मान हलवायला लागले होते. त्यांच्या घरी मुलीला मागणी घालायला माणसं आली होती. ते लग्न अखेर झालं, पण मध्ये तीन दिवस गेले. आठवड्याच्या शेवटी मुलांच्या माना सगळ्या दिशांना हलायला लागल्या आणि निर्देशांक सोळा टक्क्यांवर जाऊन अडला.

मग मी जिल्हा कार्यालयात फोन केला. तिथे घुबडाची जबाबदारी मार्गारिता बाईंकडे होती. त्या म्हणाल्या, दिशा उलटी करायची एक खूण कार्यक्रमात आहे, एक बोट लावायचं काम. पण त्यासाठी अर्ज लागेल. कागदावर, तीन प्रतींत, ओल्या शिक्क्यासह. ओला म्हणजे शाईचा, छापलेला नाही. तो ओला आहे हे त्या बोट लावून बघणार होत्या. अर्जात 'बिघाडाचे स्वरूप' असा रकाना होता. मी लिहिलं, 'उरलेलं जग मान उलटी हलवतं.' स्नेझाना बाईंनी ते खोडून 'मानेच्या दिशेतील स्थानिक वेगळेपण' असं केलं. अर्ज परत आला. वेगळेपणाचा दाखला जोडलेला नव्हता. तेव्हा आम्ही सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, गावाच्या वतीने लिहून द्यायचं म्हणजे निदान एका साक्षीदाराला तपासलं पाहिजे. त्यांनी त्सेकोंना उभं करून विचारलं, "हो म्हणताना तुम्ही मान आडवी हलवता, हे खरं का?" आठवडाभराच्या सरावाने पार बिघडलेल्या त्सेकोंनी मान गोल फिरवली. सरपंचांनी ती आडवी धरली आणि शिक्का उमटवला.

खूण बदलली तो दिवस गुरुवार होता. मी वर्गाला आनंदाने सांगितलं, "झालं गेलं विसरा. आजपासून आपली जुनी मान." दहा माना आडव्या हलल्या, दहा हिरवे ठिपके उमटले. रालित्सा त्या दिवशी नव्हती. ती आजींना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिला सांगायचं राहू नये म्हणून मी शेजारच्या कोबीच्या पिंपावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रालित्सा – मान.' संध्याकाळी नेवेनाने पिंप धुतलं.

त्यानंतरच्या पाच महिन्यांबद्दल मला फार लिहवत नाही, कारण ते माझ्या आयुष्यातले अत्यंत सुखाचे महिने होते. निर्देशांक ब्याण्णववर गेला, मग पंच्याण्णववर. जिल्ह्यात आम्ही पहिले. बेकरीतली बाई पाव निवडून द्यायला लागली. मार्गारिता बाईंचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते नेवेनाने बरण्यांच्या मधोमध, कॅमेऱ्यात दिसेल असं टांगलं. मी शिकवायचो, घुबड डोळे उघडायचं, हिरवे ठिपके लागायचे आणि मी पुढे जायचो. समीकरणं झाली, कंस झाले, टक्केवारी झाली. धड्याखाली चार पर्यायांचे प्रश्न असायचे, तेही उत्तर बरोबर येईपर्यंत पुन्हा पुन्हा देता यायचे, त्यामुळे तिथेही सगळं हिरवंगार. सगळ्यांत जास्त हिरवे ठिपके रालित्साचे होते. कधीतरीच तिच्या नावापुढे लाल लागायचा. तेव्हा मी थांबून तेवढा भाग खास तिच्यासाठी दोनदा-तीनदा समजावायचो. मी काही उगाच नावाजलेला मास्तर नव्हतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, खोल्या आपोआप उबदार झाल्यावर, बॉयलर दुरुस्त झाला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक कंसाचं समीकरण लिहिलं, सोडवलं आणि मागे वळून विचारलं, "समजलं?" अकरा माना आडव्या हलल्या. मला भरून आलं. मी दुसरं समीकरण लिहिलं आणि रालित्साला फळ्याशी बोलावलं, कारण सुरुवात अव्वल मुलीपासून करावी. तिने खडू घेतला. मी लिहिलेलं समीकरण तिने खाली सुंदर अक्षरात पुन्हा लिहिलं. मग त्याच्या खाली आणखी एकदा लिहिलं. मी म्हणालो, कंस सोडव. ती कंसाकडे बघत राहिली. तिचं नाक आक्रसलं होतं. ते नाक मी सहा महिन्यांनी बघत होतो.

"पण तू तर रोज समजलं म्हणत होतीस," मी म्हणालो.

"नाही, सर. मी रोज नाही म्हणत होते." आणि एखाद्या लहान मुलाला दाखवावं तशी तिने मान सावकाश डावीकडे नेली, मग उजवीकडे.

वर्ग हसला. मी विचारलं, मग लिहून का नाही विचारलंस? ती म्हणाली, "माझं लिहिताना चुकतं, सर. सगळ्यांना दिसतं ते." मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही बघताय. मी नाही म्हटलं की तुम्ही हसायचात आणि पुढे जायचात. मला वाटलं, तुम्हाला खात्री आहे की मला येईल."

मी मुलांना खेळायला सोडलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिलो. हिशेब करायला मला फार वेळ लागला नाही. जे जे तिला समजत होतं, तिथे ती वर-खाली मान हलवत होती, तिथे लाल लागत होता, आणि तेच मी तिला तीन-तीनदा समजावून सांगत होतो. जे समजत नव्हतं, तिथे मी हिरवा ठिपका बघून पुढे गेलो होतो. बाकी दहा पोरांना घुबडाने बरोबर मोजलं होतं. चुकीची मोजली गेली ती एकटी तीच, जिला गणिताची गरज होती.

सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. स्नेझाना बाई म्हणाल्या, दोष कार्यक्रमाचा आहे, आपण तसं कळवू. नेवेना पिंपाजवळ बसून रडली, की मी कशाला धुतलं. त्सेको म्हणाले, दोष स्पेनचा आहे. मलाही घुबडाच्या डोक्यावर खापर फोडायला फार आवडलं असतं. पण ती स्पेनमध्ये वाढली हे घुबडाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पाच महिने ती माझ्या तोंडासमोर नाही म्हणत होती आणि मला माझे पंच्याण्णव टक्के दिसत होते.

परीक्षेला पाच आठवडे होते. रोज शाळा सुटली की मी स्ताना आजींच्या स्वयंपाकघरात जायचो आणि आम्ही संध्याकाळपर्यंत बसायचो. पोरगी हुशार होती, म्हणूनच जास्त वाईट वाटायचं. एक कंस एकदा नीट समजला की ती पुढचे दहा स्वतः सोडवायची. आजी मध्ये मध्ये माझ्यापुढे चेरी आणून ठेवायच्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "होईल ना पुरं जूनपर्यंत?" मी होईल म्हणालो. तोंडाने म्हणालो.

मध्येच चोवीस मे आला. त्या दिवशी आमच्याकडे अक्षरांचा आणि शाळांचा सण असतो, पोरं फुलं घेऊन मिरवणूक काढतात. त्यातच मला जिल्ह्याचं सन्मानपत्र द्यायचं ठरलं होतं, समज-निर्देशांकासाठी. मी स्नेझाना बाईंना सांगितलं की मी घेणार नाही. त्या म्हणाल्या, मार्गारिता बाई निघाल्यासुद्धा. तेव्हा मी ठरवलं, सभेतच सांगायचं. वाचनालयाचं सभागृह भरलेलं होतं. मी माइकपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आमच्या माना, पिंप, खडू, पाच महिने, माझा ताठा. जवळजवळ सहा मिनिटं बोललो. आवाज चढत नव्हता, मध्ये मध्ये मी डोळे पुसत होतो. माइक बंद होता. पहिल्या रांगेला मी भावनेच्या भरात आभार मानतोय असं वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यानंतर घुबडाच्या नोंदीप्रमाणे वर्षातली सर्वांत समजदार विद्यार्थिनी मला फुलं द्यायला वर आली. रालित्साने आजींच्या अंगणातले बोझुर आणले होते, मोठे गुलाबी. तिने ते माझ्या हातात दिले आणि हळूच म्हणाली, "सर, रडू नका ना. आज सातवा धडा करायचाय."

सातवा झाला. आठवाही झाला. नववा अर्धा झाला तेव्हा परीक्षा आली.

यादी जुलैत लागली. हायस्कुलात गेलेलं शेवटचं नाव आणि तिचं नाव यांच्यात तीन गुण होते. मी जिल्हा कार्यालयात जाऊन तिची उत्तरपत्रिका पाहिली. पहिल्या आठ धड्यांवरची सगळी उत्तरं बरोबर होती. पुढच्या भागातले चार प्रश्न कोरे होते. मी अर्ज केला, शिक्का ओला करून नेला, पायऱ्या झिजवल्या. मार्गारिता बाईंनी आस्थेने ऐकून घेतलं आणि समज-निर्देशांकाचा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "मुलीला शिकवण्यात कसूर झाली म्हणता, पण नोंद तर शंभराच्या जवळ आहे." त्या कागदाला उत्तर देता येईल असा दुसरा कागद माझ्याकडे नव्हता.

ती गेली तेव्हा स्पेनची बस तिठ्यावर थांबली होती. आजी पिशव्या मोजत होत्या आणि पुन्हा पुन्हा चुकत होत्या. रालित्सा माझ्यापाशी आली. मी दोन दिवस घोकून काही वाक्यं तयार केली होती. तीच म्हणाली, "सर, मे महिन्यात तुम्ही शिकवलेलं सगळं आलं मला." तिने ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी घरी आलो आणि भिंतीवरचं मार्गारिता बाईंचं पत्र काढून ठेवलं. तिथे आता मिरच्यांची बरणी आहे.

त्यानंतर मी स्ताना आजींच्या घरावरून जाणं टाळायला लागलो. बेकरीलाही मागच्या रस्त्याने जायचो. ऑक्टोबरात एक दिवस त्यांनीच मला गाठलं. म्हणाल्या, "मास्तर, पोरीचा टॅबलेट घरी पडलाय, परत न्यायला कोणी आलं नाही. त्यातून ती दिसते म्हणतात. मला ते दाबता येत नाही." मी गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात चूल थंड होती, आजींनी अंगावर दोन शाली घेतल्या होत्या. मी टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, कुठे बोट लावायचं ते त्यांना दाखवलं, आणि पडद्यावर रालित्सा आली. केस कापले होते. मी पटकन खुर्ची मागे ओढली आणि तिला दिसणार नाही असा भिंतीला लागून बसलो.

आजींनी पहिलाच प्रश्न विचारला, "जेवलीस का?"

पडद्यावर मान हलली. कशी हलली ते मला भिंतीपासून दिसलं नाही. आजी पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "मान हलवू नकोस, बाळ. मला कळत नाही तुझी मान. तोंडाने सांग."

मी बसल्या जागी ऐकत राहिलो. छत्तीस वर्षांचा मास्तर मी, आणि एवढं एक वाक्य मला सबंध हिवाळ्यात सुचलं नव्हतं.

"नाही जेवले गं," रालित्साचा आवाज आला. "आई आल्यावर जेवेन. आजी, तुझ्या मागे कोण आहे?"

मी आजींना हाताने खूण केली, नका सांगू. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि तिला म्हणाल्या, "कामेन मास्तर आहेत. तोंड लपवून बसलेत."

 मग ती म्हणाली, "सर, मला इथलं गणित समजत नाहीये."

मी उठलो आणि खुर्ची टेबलाशी आणली. तिचा चेहरा पडद्यावर मोठा दिसत होता, नाकासकट.

"कुठपासून समजत नाही?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

घरात कोरा कागद नव्हता. आजींनी विजेचं बिल शोधून त्याची पाठकोरी बाजू माझ्यापुढे ठेवली, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.